महाग तास

कय्युम मुजावरनं नवा मीटर बसवला
तेव्हा मी त्याला चहा दिला आणि विचारलं,
"जुन्यापेक्षा लई पळतो का रं ह्यो?"
स्क्रू पिळत म्हणाला,
"वैनी, ह्यो पळत न्हाई. ह्यो घड्याळ बगतो."

कागदावर दोन चौकोन होते.
एकच दर, दिवसरात्र सारखा.
नाहीतर तासागणिक वेगळा.
हिंदुराव रातपाळी करून आडवा झालेला,
डोळे न उघडता म्हणाला, "तुला पटंल ते कर."
मी दुसऱ्या चौकोनात खूण केली,
पेन बराच वेळ हातात धरून, मग.

आता फ्रिजच्या दारावर माझं पंचांग आहे,
लेकीच्या वहीचं पान, तिचेच स्केचपेन.
नऊ ते पाच हिरवं.
सहा ते दहा लाल.
बाकीचं कोरं, तिसरा रंग वाळला होता.

हिरव्यात बसवलं ते सगळं आवाजाचं:
टाकीची मोटर, कपड्यांचं मशीन,
आणि बचत गटाच्या कर्जातली घरघंटी,
जोंधळा दळायला लागली की
कपाटातले कप एकमेकांशी भांडतात.
आणि हिरव्यातच
हिंदुराव झोपतो.

त्याची फाउंड्री शिरोलीला.
तिथली भट्टी रात्री पेटते,
कारखान्याला वीज रात्रीची परवडते म्हणून.
लोखंड वितळायचं रात्री,
पीठ पाडायचं दिवसा,
आणि मधल्या माणसानं
कुठल्या दरानं झोपायचं
ते त्या कागदावर कुठं नव्हतं.
मागची बाजू पण बघितली मी.

पहिल्या महिन्यात घरघंटीखाली सतरंजी घातली.
मग सायकलच्या टायरचे चार तुकडे.
मग नरतवडेकर काकूंची डाळ मागारी पाठवली,
"आज नको, मालक झोपल्यात."
काकू उंबऱ्यातच,
"अगं, दिवसाच स्वस्त न्हवं का तुझी?"
बावड्यातल्या अख्ख्या गल्लीला माझा दर पाठ.

बिल आलं. एकशे ब्याण्णव रुपये कमी.
मी दोनदा वाचलं, हळदीच्या डब्याखाली ठेवलं.
त्याच संध्याकाळी तो ताटावर बसल्या बसल्या पेंगला,
बोटं रश्श्यात तशीच.
एकशे ब्याण्णव भागिले तीस.
दिवसाला साडेसहा रुपयेसुद्धा नाहीत.
लेकीला करायला सांगितलं. तिचंही तेवढंच आलं.

आम्ही दोघं एकदम जागे असतो ते फक्त लालमध्ये.
सहाला तो उठतो, नऊला कंपनीची गाडी.
त्या तीन तासांत इस्त्री नाही, मिक्सर नाही,
टीव्हीवर रुमाल, घरात एकच बल्ब,
त्याच्याखाली लेकीचं भूमितीचं पुस्तक,
माझा खर्ड्याचा बत्ता आणि हा.
कधी बत्ता माझ्या हातातनं घेतो.
मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग,
काही जुने, काही या आठवड्यातले.
बोलणं फारसं नसतं.
"चप्पल शिवून आणली का?"
"आणली."

काल सातला, ऐन लालमध्ये,
तो उठला, पाटीतला जोंधळा घरघंटीत ओतला
आणि बटण दाबलं.
"अहो, आत्ता? भाव काय चाललाय बगा की!"
कप भांडायला लागले.
भट्टीपाशी त्याचा उजवा कान गेलाय,
मी नेमकी त्याच बाजूला.
पुन्हा ओरडले.
तो खाली पडणाऱ्या पिठात हात घालून उभा,
उनउनीत पीठ,
आणि म्हणाला, "उद्याची झोप इकत घेतली."

"कितीला?"
"तू मांड की. तुला येतंय."

मी मांडलं नाही.
बाहेर जाऊन मीटर तेवढा बघून आले.
बारीक तांबडा दिवा, लुकलुक,
सकाळी असतो तसाच.

लेक म्हणाली, "पानावर काय लिहू?"
म्हटलं, राहू दे.
उद्या नऊला काही लावायचं नाही.
परवाचं परवा बघू,
काकूंची डाळ अजून तशीच आहे.